साहेबांच्या कानावर घालावे काय?

मराठी भाषेने कानाकडून जितके काम करून घेतले आहे, तितके दुसऱ्या कोणत्या इंद्रियाकडून घेतले असेल असे वाटत नाही. कान भरता येतात, कान फुंकता येतात, कान उपटता येतात, कानाडोळा करता येतो. एखादा मनुष्य हलक्या कानाचा असतो, दुसरा त्याच्या कानाला लागतो, आणि दोघांत बोललेली गोष्ट षट्कर्णी झाली की ती साऱ्या गावाची होते. या सर्व वाक्प्रचारांत एक दिसायला फार सोज्ज्वळ आहे, तो म्हणजे ‘कानावर घालणे’. ‘सहज आपल्या कानावर घालून ठेवतो, साहेब,’ असे म्हणत जो मनुष्य साहेबांच्या खोलीत शिरतो, तो कान भरायला गेला की आपले कर्तव्य करायला, हे बाहेर बसलेल्यांना कळत नाही. पुष्कळदा ते त्याचे त्यालाही नीट उमगलेले नसते.

नोकरी करणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. चहाच्या वेळी, जिन्यात, बसच्या रांगेत आणि आता हातातल्या मोबाइलवरच्या कचेरीच्या गटातही कोणा सहकाऱ्याविषयी काही तरी बोलले जाते. ऐकणारा ते मनात घेऊन आपल्या खुर्चीवर परततो आणि विचारात पडतो : हे वरिष्ठांना सांगावे काय? न सांगावे, तर उद्या काही अनर्थ झाल्यावर ‘तुम्हांला ठाऊक होते ना?’ असा प्रश्न येईल. सांगावे, तर चहाडखोर म्हणून नाव निघेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्या चार शब्दांनी एखाद्या निरपराध माणसाची चाकरी आणि अब्रू दोन्ही जातील. प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु आपल्या जुन्या ग्रंथकारांनी त्याला किरकोळ मानलेले नाही, आणि खुद्द आपल्या बडोद्याच्या इतिहासात तो एकदा गादीपर्यंत जाऊन भिडलेला आहे.

प्रथम शब्दांचाच थोडा विचार करू, कारण आपल्या भाषेने या बाबतीत बरीच वर्गवारी आधीच करून ठेवली आहे. वावडी उठते, कंडी पिकते, कुजबूज चालते. या सर्वांना मालक नसतो. कोणी सुरू केली असे विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. गाऱ्हाणे मात्र ज्याचे त्याचे असते; ज्याला दुखले तो ते सांगतो. फिर्यादीला फिर्यादी लागतो, त्याचे नाव लागते, त्याची सही लागते. वर्दी देणे हे तर एके काळी पाटलाचे आणि पहारेकऱ्याचे कामच होते : अमुक ठिकाणी अमुक घडले, मी पाहिले, येऊन कळविले. कागाळीत थोडा किरकिरेपणा असतो, तरी तीही बहुधा उघड होते. राहिली चहाडी. तिच्यात सांगणाऱ्याला स्वतःला काही दुखलेले नसते, त्याने स्वतः काही पाहिलेले नसते, आणि आपले नाव पुढे येऊ नये अशी त्याची इच्छा असते. गाऱ्हाणे, फिर्याद आणि वर्दी यांना तोंड असते. चहाडीला नुसते ओठ असतात. हा भेद मनात पक्का ठेवला तर पुढचा निम्मा गुंता सुटतो.

आता बडोद्याची गोष्ट. १८७४ साली येथे मल्हारराव गायकवाड गादीवर होते आणि इंग्रज सरकारचे रेसिडेंट म्हणून कर्नल फेअर छावणीत राहत होते. दोघांचे मुळीच पटत नव्हते. दरबाराच्या कारभाराविरुद्ध तक्रारी घेऊन लोक रेसिडेन्सीची पायरी चढत, आणि रेसिडेन्सीत काय शिजते आहे ते कळावे म्हणून राजवाडा कान टवकारून बसलेला असे. एकाच शहरात दोन मोठे कान एकमेकांसमोर उघडे होते म्हणा ना! ९ नोव्हेंबर १८७४ रोजी कर्नलसाहेबांच्या पपनसाच्या सरबतात विष आढळल्याचा बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी महाराजांच्या चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ बसले. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच हे अध्यक्ष होते. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद होते. विषप्रयोगाबाबत मंडळ सरळ दुभंगले. तिघा इंग्रजांना आरोप शाबीत वाटला, तिघा हिंदी सभासदांना वाटला नाही.

विषाचा हा भाग सर्वांच्या लक्षात राहिला आहे. परंतु आरोपपत्रात त्याच्याही आधी जे लिहिले होते, ते आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. रेसिडेन्सीतील नोकरांशी महाराजांनी गुप्त संधान बांधले, त्यांना पैसे चारले आणि कर्नलसाहेबांवर हेर म्हणून त्यांचा उपयोग केला, असे ते आरोप होते. चौकशीत आयेची साक्ष झाली, हवालदाराची झाली, जमादाराची झाली. ज्यांनी चहा-सरबत आणायचे, मुले सांभाळायची, दारावर उभे राहायचे, त्यांचे बोलणे एका संस्थानाच्या भवितव्याच्या मुळाशी येऊन बसले. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. सरकारने कारण दिले ते गैरकारभाराचे. पण बातम्या वाहणाऱ्यांच्या साक्षींनी वातावरण आधीच इतके गढूळ झाले होते की खरे काय आणि खोटे काय हे शेवटपर्यंत सहा शहाण्या माणसांनाही एकमताने सांगता आले नाही. जिथे उघडपणे विचारण्याची व सांगण्याची सोय उरत नाही, तिथे कारभार कानांवर चालू लागतो. आणि कानांवर चाललेल्या कारभारात शेवटी कोणाचीच साक्ष विश्वासाची राहत नाही, हा त्या प्रकरणाचा बोध आहे.

याहूनही जुनी आणि जिव्हारी लागणारी कथा रामायणातली आहे. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्याच शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराने सिद्ध केली आणि तिचा अखेरचा खंड, उत्तरकांड, १९७५ साली बाहेर पडला. तेव्हा या कथेवर बडोदेकरांचा थोडा अधिक हक्क आहे असे म्हटले तर चालेल. रामचंद्र मित्रमंडळींत हास्यविनोद करीत बसले असता भद्र नावाच्या सोबत्याला विचारतात, नगरात लोक आपल्याविषयी काय बोलतात? भद्र आधी गोड गोड तेवढे सांगतो : रावणाच्या वधाची लोक वाखाणणी करतात. राम म्हणतात, बरे आणि वाईट दोन्ही सांग, भिऊ नकोस. मग भद्र सीतेविषयीची कुजबूज सांगून टाकतो. राम इतर मित्रांकडे वळून विचारतात, हे खरे काय? तेही मान खाली घालून सांगतात की होय, असेच आहे.

इथे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. चौकशी झाली, परंतु कशाची? लोक बोलतात की नाही, याची. बोलतात ते खरे की खोटे, याची नव्हे. कारण ते खोटे आहे हे रामांना स्वतःला माहीतच होते. भद्राने काही लपविले नाही, काही पदरचे घातले नाही, आणि विचारल्याखेरीज तोंडही उघडले नाही. वार्ताहर म्हणून त्याच्याकडे बोट दाखवावे असे काही नाही. तरीही परिणाम काय झाला? जिच्याविषयी बोलणे चालले होते, तिला एका शब्दानेही न विचारता अरण्यात नेऊन सोडण्यात आले. आणि ज्यांनी चव्हाट्यावर बसून तोंडसुख घेतले, ते दुसऱ्या दिवशीही चव्हाट्यावरच बसले असतील.

भवभूतीला हे शल्य फार बोचले असावे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात त्याने ही कामगिरी दुर्मुख नावाच्या हेरावर सोपविली आहे. चित्रे पाहून थकलेली सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपलेली आहे आणि दुर्मुख आत येतो. देवीविषयी असले अभद्र बोलणे महाराजांना कोणत्या तोंडाने सांगावे, म्हणून तो अडखळतो; मग आपल्या करंट्या नशिबाला हीच नेमणूक आली आहे असे म्हणून तो रामाच्या कानात ते सांगतो. नाटककाराने ते शब्द प्रेक्षकांना ऐकवलेलेच नाहीत. सांगणाऱ्याच्या मनाची ही ओढाताण संस्कृत नाटकात इतक्या थोड्या शब्दांत आणि इतकी खरी उतरलेली पाहिली की भवभूतीला माणसाची पारख किती होती हे कळते. दुर्मुखापुढे निदान आज्ञा होती. कोणीही न विचारता आपणहून साहेबांच्या खोलीकडे निघालेल्या माणसापुढे तीही नसते. म्हणून त्याने दुर्मुखापेक्षा दहापट अधिक अडखळले पाहिजे.

अडखळणे ज्याला ठाऊकच नाही असाही एक जण आपल्या वाङ्मयात आहे. पंचतंत्राच्या मित्रभेदातला दमनक नावाचा कोल्हा! पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जुळविली ती त्यानेच. पण त्या मैत्रीमुळे आपल्याला कोणी विचारीनासे झाले असे दिसताच त्याने दोन्हीकडे लावालावी आरंभली. सिंहाला सांगितले, बैल तुमच्या जिवावर उठला आहे. बैलाला सांगितले, सिंहाने तुला मारायचे ठरविले आहे. शिवाय दोघांनाही शत्रुत्वाची चिन्हे आधीच शिकवून ठेवली. मग समोरासमोर येताच घाबरलेल्या बैलाचे रोखलेले अंग सिंहाला दिसले आणि सावध झालेल्या सिंहाचा पवित्रा बैलाला दिसला. दोघांनाही पुरावा मिळाला! चहाडीचा हाच खरा धोका आहे. ती आपला पुरावा आपणच निर्माण करते. ‘अमका कारकून तुमच्याविरुद्ध आहे’ असे एकदा कानावर पडले की त्याची साधी शांतताही साहेबांना मग्रुरी वाटू लागते. साहेबांचा बदललेला चेहरा पाहून तो कारकून खरोखरच दूर जाऊ लागतो. आणि महिन्याभरात चहाडी खरी ठरते.

तर मग कानावर काही पडले असता मौन हाच धर्म काय? तसेही नाही. हितोपदेशातली धोब्याच्या गाढवाची गोष्ट सर्वांना आठवत असेल. रात्री घरात चोर शिरतो. कुत्रा जागा असतो, पण मालक पोटभर खायला घालीत नाही म्हणून रुसून गप्प बसतो. गाढवाला राहवत नाही. ते मोठ्याने ओरडते, मालकाची झोप मोडते आणि गाढवाला मरेपर्यंत मार बसतो. ‘दुसऱ्याच्या कामात पडू नये’ असे तात्पर्य या गोष्टीखाली लिहिलेले असते आणि कचेऱ्यांतून ते फार आवडीने सांगितले जाते. परंतु चोर खरा होता, हे तात्पर्य काढणारे विसरतात. गाढवाची चूक ओरडण्यात नव्हती. काय घडते आहे हे मालकाला कळेल असे त्याला सांगता आले नाही, एवढीच ती चूक. आणि खरा दोष त्या कुत्र्याचा आहे, ज्याचे ते काम होते आणि जो मालकावरचा राग मनात धरून गप्प बसला. कचेऱ्यांत अशी रुसलेली मौनेही काही थोडी नसतात.

या दोन टोकांमधला मार्ग कौटिल्याने चांगला आखून दिला आहे. सरकारी धन खाण्याचे चाळीस प्रकार मोजणाऱ्या त्या आचार्याला खबर देणाऱ्याची किंमत पुरती माहीत होती. अपहार उघडकीस आणणारा सूचक आपले म्हणणे शाबीत करील तर त्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, तो त्याच खात्यातला नोकर असेल तर बारावा द्यावा, असे तो म्हणतो. पण लगेच पुढची अट आहे : शाबीत न झाल्यास त्याला दंड, शारीरिक किंवा पैशाचा. म्हणजे बोलणाऱ्याने आपल्या बोलण्याची जोखीम स्वतः उचलली पाहिजे. तसेच हेरांच्या बातमीविषयी त्याचा नियम असा की एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचे म्हणणे जुळले तरच ते विश्वासयोग्य मानावे. हा नियम आजच्या प्रत्येक साहेबाने टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावा. कारण ‘साहेब, तीन जणांकडून ऐकले’ असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा ते तिघे एकाच टपरीवर, एकाच वेळी, एकाच माणसाच्या तोंडून ऐकणारे असतात. ते तीन साक्षीदार नव्हेत; एकाच साक्षीदाराचे सहा कान आहेत.

एवढी शिदोरी घेऊन आता एखाद्या साध्या कचेरीत जाऊ. आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाच्या कानावर एकाच आठवड्यात तीन गोष्टी आल्या आहेत अशी कल्पना करा.

पहिली गोष्ट भांडारातली. लेखनसामग्रीची बिले चुकती होतात, पण माल पुरता येत नाही, असे लोक बोलतात. हे नुसते बोलणे असते तर गोष्ट वेगळी. परंतु आवकेचे पुस्तक याच कारकुनाच्या हाती आहे, आणि त्या तारखांना तसा माल आलेला नाही हे त्याने स्वतः पाहिलेले आहे. इथे गप्पांशी त्याला कर्तव्य नाही. पुस्तक उघडावे, तारखा लिहून काढाव्यात, आपल्या सहीने वरिष्ठांपुढे ठेवाव्यात. भांडारातला मनुष्य कसा आहे, त्याने नवी गाडी कशी घेतली, यातले एक अक्षरही त्यात नसावे. ही वर्दी झाली, आणि ती न देणे म्हणजे त्या कुत्र्यासारखे गप्प बसणे होईल.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या अंगाची. रात्रपाळीला बॉयलरवर असणारा माणूस पिऊन येतो, असे कोणी तरी म्हणाले. कारकुनाने त्याला पाहिलेले नाही. खरे असेल, खोटेही असेल. पण खरे असेल तर दहा जणांचे प्राण त्यात गुंतलेले आहेत. इथे शाबीत होण्याची वाट पाहता येत नाही. सांगितलेच पाहिजे, पण जसे आहे तसे सांगितले पाहिजे : ‘मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, आज रात्री कोणी जबाबदार माणसाने जाऊन पाहावे.’ ऐकीव ते ऐकीव म्हणून सांगितले तर त्यात चहाडी नाही. त्या माणसाच्या नावावर शिक्का न मारता धोका तेवढा कळविता येतो, आणि साहेबांच्या हातून शिक्षेऐवजी तपासणी घडते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि कचेऱ्यांतून सर्वांत अधिक चालणारी. पतीच्या निधनानंतर त्याच्या जागी लागलेल्या एका बाई आहेत. कामात हुशार, काम संपेपर्यंत सायंकाळी थांबतात. एका अधिकाऱ्याच्या खोलीत त्यांच्या फायली वरचेवर जातात, एवढ्यावरून चहाच्या टेबलावर गोष्ट रचली गेली आहे. सांगणारा डोळे मिचकावून सांगतो, ‘अहो, ऐकलंत का? आम्ही काही बोलत नाही हो, पण लोक बोलतात.’ हे मोठ्या साहेबांना सांगावे काय? कारकुनाचा हेतू चांगलाही असेल. बाईंची बदनामी थांबावी असे त्याला मनापासून वाटत असेल. पण साहेब काय करतील, याचा त्याने विचार करावा. बहुतेक साहेब अशा वेळी रामचंद्रांच्याच वाटेने जातात. खरे-खोटे काय याच्या खोलात न शिरता, ‘खात्याचे नाव खराब नको’ म्हणून बाईंची बदली दूरच्या तालुक्याला करून टाकतात. बोलणारे टेबल जागच्या जागी राहते, आणि लेकरांची शाळा सोडवून बाईंना बिऱ्हाड हलवावे लागते. बदलीमुळे गावाला आपोआप पुरावाही मिळतो : ‘काही नव्हते तर बदली कशाला केली असती?’ दमनकालाही याहून चांगले साधले नसते.

अशा ठिकाणी साहेबांची खोली हे पहिले दार नव्हे. पहिले दार आपल्याच तोंडाचे. ते लावून घ्यावे, म्हणजे निदान आपल्यापुरती ती गोष्ट पुढे जात नाही. दुसरे दार बोलणाऱ्याचे. त्याला तोंडावर सांगावे, ‘हे तुम्ही पाहिलेत काय? नसेल तर माझ्यापुढे बोलू नका.’ एवढे एक वाक्य बोलायला साहेबांकडे जाण्यापेक्षा जास्त छाती लागते, आणि म्हणूनच पुष्कळ जण साहेबांकडे जातात. तिसरे दार त्या बाईंचे. त्यांना, किंवा संकोच वाटत असेल तर त्यांच्या विश्वासातल्या एखाद्या भगिनीमार्फत, कळवावे की असे असे बोलले जात आहे, तुम्हांला काय करावेसे वाटते? आपल्याविषयी काय चालले आहे हे सर्वांत शेवटी कळण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.

कायद्यानेही आता हीच दिशा धरली आहे. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची. तक्रार करणारीचे नाव बाहेर फोडता येत नाही. आणि ती स्त्री आजारपण वगैरे कारणांव्यतिरिक्त अन्य कारणाने स्वतः तक्रार करू शकत नसेल, तर घटनेची माहिती असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला ती करता येते. मात्र त्या स्त्रीच्या लेखी संमतीने. ही संमतीची अट वाचली की वाल्मीकीच्या भद्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बोलणे छळाच्या थराला गेले असेल तर त्यावर दाद मागण्याची जागा अशी आहे. तिथे जायचे की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार जिला सोसावे लागते तिचा आहे, आणि तिने जायचे ठरविले तर मात्र आपण साक्षीला उभे राहिले पाहिजे. तिथे ‘मला यात गोवू नका’ म्हणून मागे सरणे हे चहाडीइतकेच हलके काम होईल.

एवढे सगळे पाहूनही मनाचा निश्चय होत नसेल, तर एक साधी परीक्षा करून पाहावी. जे आपण साहेबांना सांगणार आहोत ते तो सहकारी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना, त्याच्याकडे पाहत, आपल्याला सांगता येईल काय? भांडाराच्या नोंदी सांगता येतील; कदाचित आवाज थरथरेल, पण सांगता येतील. बॉयलरची भीतीही सांगता येईल. बाईंविषयीची ती कुजबूज मात्र त्यांच्यासमोर ओठांबाहेर पडणार नाही. जे त्या खुर्चीसमोर बोलवत नाही, ते बंद दाराआड बोलण्याचा आपल्याला हक्क नाही.

राहता राहिले साहेब. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, परंतु चहाडखोर मनुष्य आकाशातून पडत नाही. तो साहेबांच्या दारात वाढतो. ज्या खोलीत आलेल्या प्रत्येक बातमीला खुर्ची आणि चहा मिळतो, त्या खोलीबाहेर बातम्यांची रांग लागणारच. उलट, ‘तुम्ही स्वतः पाहिलेत काय? लिहून द्याल काय? ज्याच्याविषयी सांगता त्याला बोलावू काय?’ असे तीन प्रश्न जो साहेब न रागावता विचारतो, त्याच्याकडे वर्दी येते, गाऱ्हाणे येते, आणि चहाडी जिन्यावरूनच माघारी वळते. मल्हाररावांच्या वाड्याला आणि फेअरसाहेबांच्या रेसिडेन्सीला हे तीन प्रश्न सुचले असते तर बडोद्याचा इतिहास थोडा निराळा झाला असता की काय, हे कोण सांगणार? पण आपल्या कचेरीपुरते बोलायचे तर गोष्ट फार लहान आहे. बदलीचा तो हुकूम अजून टाइप व्हायचा असेल, तर त्यापूर्वी कोणी तरी जाऊन त्या बाईंना विचारावे.